टोपलीची वाट

८ जानेवारी, बुधवार

आज सकाळी माझ्या कढीपत्त्याचा शेंडा धारातीर्थी पडला. बीपासून वाढवलेला! या अख्ख्या चिनी गावात दुसरा कढीपत्ता नाही, आणि असता तरी कुणी फोडणीत घातला नसता. मारेकरी नेहमीचाच — सहाव्या मजल्यावरून दोरीनं उतरणारी तान आजींची टोपली. खाली भाजीवाला तिच्यात कोबी, टोफू भरतो, दोरीला हिसका देतो आणि टोपली डुलत डुलत वर निघते. वाटेत चौथा मजला लागतो. चौथ्या मजल्यावर मी लागते.

खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "आजी, खून झालाय."

"कुणाचा?"

"माझ्या झाडाचा."

"मग संत्री घे आणि गप्प बस."

टोपलीत दोन संत्री माझ्यासाठी आधीच ठेवलेली होती. म्हणजे गुन्हा ठरवून केलेला. संत्री गोड होती, ते निराळं.

११ जानेवारी, शनिवार

इमारतीला लिफ्ट बसवायची की नाही, त्याची सभा. अंगणात, कापराच्या झाडाखाली. मत फक्त घरमालकांचं. भाडेकरूंनी यावं, उभं राहावं, थंडी खावी. आठ वर्षं झाली मला इथं. इथल्या कॉलेजात निम्म्या गावाला मी इंग्रजी शिकवलं. सहाशे युआनात दोन खोल्या आणि खिडकीत नदी — पुण्यात एवढ्या पैशात कुणी नुसता कठडा भाड्यानं देणार नाही. म्हणून तर राहिले. पण लिफ्टबद्दल तोंड उघडायचं नाही! उघडलंच.

म्हटलं, "तान आजी गेल्या उन्हाळ्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. माणूस आहे का कोबी, दोरीनं वरखाली करायला?"

वस्ती समितीच्या बाई घसा खाकरून म्हणाल्या, "सगळे तयार आहेत. एकच घर अडलंय."

"कुठलं?"

सगळ्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग झाडाकडं. परकी बाई समोर असली की यांना घरचं धुणं धुवायची लाज वाटते.

सांगायला कशाला हवं? तळमजल्यावरचा म्हातारा पेंग पिंजरा मांडीवर घेऊन समोरच बसला होता. "माझ्या खिडकीत अंधार होणार. पक्षी गायचा थांबणार," असं तो सगळा वेळ पुटपुटत होता. पक्ष्याला सूर्यप्रकाश, माणसाला जिना. वा!

चिडून वर गेले, थेट सहाव्या मजल्यावर. आजी संत्र्यांची साल शेगडीवर वाळवत बसल्या होत्या. त्यांच्या मुलानं, हाओनं, शेनझेनहून फोनवर बजावलंय — महिनाअखेरीस चिनी नव्या वर्षाला येईन तोवर लिफ्टचं नक्की झालं नाही, तर तुला घेऊन जाणार.

"तिथं लिफ्ट आहे म्हणे," मी म्हटलं.

"आहे ना. सुर्रकन खाली नेते. पण खाली जाऊन बोलायचं कुणाशी? इथं मी टोपली सोडली की सहा घरं भांडायला येतात."

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. तीळ होते, गूळ नव्हता. म्हणजे गोड बोलायचं बंधन नाही. खाली जाताना पेंग दिसला, पिंजऱ्याचं फडकं काढत होता.

"काय पेंगकाका, पक्ष्याला ऊन पुरतंय ना? नाहीतर आजींच्या वाटचंही देऊ."

त्यानं पिंजऱ्यात दाणे टाकले. सावकाश. मग म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमचं चिनी फार सुधारलंय. आला होतात तेव्हा तुम्ही फक्त नमस्कार करायचात."

एवढंच. उत्तर आता रात्री सुचलंय, पण तो झोपला असेल.

१८ जानेवारी, शनिवार

पेंगशी बोलणं बंद. त्याला अजून कळलेलं दिसत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

आज चूलदेव स्वर्गात जायचा दिवस. घराघरात वर्षभर काय चाललं ते हा वर जाऊन सांगतो, म्हणून जाण्याआधी त्याच्या तोंडाला तिळाची चिकट वडी लावतात — बोललास तर गोड बोल, नाहीतर तोंड चिकटू दे. आपली संक्रांत इथं माणसांवर विश्वास न ठेवता देवावर टाकलेली.

टोपली खिडकीशी थांबली. आत तिळाच्या वडीची पुडी.

"देवाची आहे का?" मी ओरडले.

"तुझी," वरून आजी. "त्याच्यापेक्षा तुझंच तोंड जास्त चालतं. पेंगच्या मागं लागू नकोस गं. तो चांगला आहे."

"चांगला कसला? आठ दिवसांत हाओ येणार, तुम्ही जाणार, आणि हा पक्ष्याची गाणी ऐकत बसणार."

मी पुडी उचलली, आजींनी दोरी वर ओढायला घेतली. मग म्हणाल्या, "वडी खा. दातांना जप."

वडी खाल्ली नाही. रागानं खाल्लेलं अंगी लागत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी माझे घरमालक वेई आले. दर वर्षी सणाला मोठा पपनस घेऊन येतात. मी मांस खात नाही, तेव्हा सॉसेज आणायचं नाही, हे आठ वर्षांत पाठ झालंय. चहा घेतला. मी लिफ्टवरून सुरू केलं, पेंगचा उद्धार केला, त्याच्या पक्ष्याचा केला. वेई पेला फिरवत राहिले.

मग म्हणाले, "बाई, पेंगनं शरदातच संमती दिली. पहिली त्याचीच. कुरकुरतो तो नेहमीच, त्याचं काय मनावर घ्यायचं?"

"मग अडलंय कोण?"

"मी."

मला वाटलं माझं चिनी बिघडलं.

"लिफ्टच्या खर्चात माझा वाटा मोठा येतो. तो घालायचा तर भाडं नऊशे करावं लागेल. तुम्ही आलात तेव्हाच म्हणाला होतात — भाडं वाढवलंत तर गाव सोडीन. कशी हसून म्हणाला होतात! मी म्हटलं, एकटी बाई, एवढ्या लांबून आलेली, कुठं जाईल? सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, बरोबर आहे, तिला कळू देऊ नका, वाईट वाटेल."

"आजींनाही माहीत आहे?"

"त्याच तर म्हणाल्या, पोरीला राहू दे. मला निदान मुलगा आहे."

पपनस टेबलावर होता. वेई गेल्यावर सोलत बसले.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी वेईंना फोन केला. नऊशे. आजच सही करा, हाओ यायच्या आत.

तिळाच्या वडीची पुडी पेंगच्या दाराला अडकवली. नमस्कार करून आले. पक्षी गात होता, पेंग आतच होता.

कढीपत्ता खिडकीतून आत घेतला. लिफ्ट होईपर्यंत टोपलीला वाट हवी.