चूक कबूल केली, आप्पा

तीर्थरूप आप्पा, सप्रेम जय भीम.

मुलुंडला मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्या आवडत्या जुन्या सिनेमातला पोस्टमन सगळ्या गावासमोर स्वतःची चूक कबूल करतो, तेव्हा तुम्ही आम्हाला गप्प बसवायचात. परवा लॅबमध्ये माझ्या हातून दोन पेशंटच्या रक्ताच्या नमुन्यांवर नावांची अदलाबदल झाली. कुणाला कळलं नव्हतं. मीच जाऊन डॉक्टरांना सांगितलं.

“उद्यापासून येऊ नका,” ते म्हणाले.

सिनेमात गाव त्याला जवळ घेतं. इथे कुणी मान वर करून पाहिलंही नाही. पण एका आजींना चुकीचं औषध जाणार होतं, ते टळलं.

दुसरी नोकरी शोधतेय. आईला तुम्ही सांगू नका. रविवारी येऊन मीच सांगेन.

तुमची चेतना