सारवणासारखं आसन

देवळाली कॅम्प,
४ नोव्हेंबर १९७३

तीर्थरूप आई,
चंद्राचं डोकं तुझ्या पायावर.

आठवा सरत आला. डॉक्टरीणबाई आता एस.टी.चा प्रवास नको म्हणतात, म्हणून पासलीला तुझ्याकडं बाळंतपणाला येणं राहिलं. बाकी मी मजेत हाय. कंबर दुखायची, ती आता लई न्हाई.

हितल्या नर्सबाईंनी एक योगासन शिकवलंय. हातागुडघ्यांवर ओणवं व्हायचं, श्वास सोडत पाठ मांजरागत वर उचलायची, मग हळूच सरळ करायची. परवा हे ड्युटीवरनं आले, मला तशी बघून म्हणाले, "काय हरवलं?" आणि स्वतःच खाटेखाली शोधाया लागले!

मला मात्र आपली पडवी आठवली. तू अशीच गुडघे टेकून सारवायचीस. माझ्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत सारवलंस म्हणे. तुझी कंबर दुखायची का गं? कधी बोलली न्हाईस.

कपिली गाय व्याली का? भाताची झोडणी उरकली का?

उरकली असंल तर ये. हितं फरशी हाय, सारवायचं काय न्हाई. नुसता माझ्या पाठीवरनं हात फिरव.

तुझीच,
चंद्रा