पाहुण्यांनी उभं राहावं

१ सप्टेंबर, रविवार

आजही तेच! पाळकसाहेब म्हणाले, "पाहुण्यांनी उभं राहावं," आणि गवंडी आणि त्याची बायको मुकाट्याने उभे राहिले. टाळ्या. परदेशातून आले त्याला वर्ष होत आलं. चर्चच्या हॉलमागच्या खोलीत राहतात, भिंतीची ओल त्याने काढली, जिना ती झाडते — आणि दर रविवारी ही वरात! तिला मी धाकटी म्हणते, मला सख्खी बहीण नाही म्हणून. तिला वाटतं ही इथली रीतच. नाही उठलं तर उद्धटपणा दिसेल.

घरी यांना म्हटलं, मंडळीचे चिटणीस आहात ना? बंद करा हे. तर म्हणे, "अगं, मान देतोय आपण. मानाला कोण कंटाळतं?"

५ सप्टेंबर, गुरुवार

परदेशी लोकांच्या कचेरीतून त्या दोघांना नोटीस. पुढच्या गुरुवारी सुनावणी. 'ही आमची माणसं' असं एखाद्या संस्थेने येऊन सांगितलं तर राहता येईल. नाहीतर परत. तिथे त्यांचं घर कसं पेटवलं, ते धाकटीने मला एकदाच सांगितलंय.

८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर सभा. "ही दोघं आपल्या मंडळीतली, असं मी कचेरीत सांगू ना?" — पाळकसाहेब. सगळे हात वर! यांचाही! धाकटी रडायलाच लागली. "ताई, सगळा लोक माझी झाली!" एका वाक्यात तीन चुका. मी एकही सुधारली नाही.

मग कानात म्हणाली, माझी बहीणसुद्धा तिकडून निघालीय, दोन पोरं घेऊन. कुणाला नको सांगू. मी फक्त यांना सांगितलं. म्हणजे घरातच.

१२ सप्टेंबर, गुरुवार

केसाने गळा कापला. दुसरा शब्द नाही.

कचेरीतल्या बाई भल्या होत्या. विचारलं, "तुमचे सभासद, की पाहुणे?" पाळकसाहेबांनी यांच्याकडे पाहिलं. यांनी टेबलाकडे. मग पाळकसाहेब — "पाहुणे. दर रविवारी पाहुणे म्हणूनच उभे राहतात. सगळी मंडळी साक्षी आहे." बाईंनी गवंड्याला विचारलं, खरं का? तो बिचारा छाती फुगवून म्हणाला, "हो! प्रत्येक रविवारी!"

मी ओरडले, आमची आहेत ती! बाई म्हणाल्या, "तुम्ही संस्थेतर्फे बोलताय का?" नाही. मग चालत नाही. "पाहुण्यांना स्वतःचं घर असतं," असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. महिन्याभरात दुसरी संस्था पुढे आली तर ठीक, नाहीतर देश सोडायचा.

बाहेर आल्यावर गवंडी मला विचारतो — ताई, मी बरोबर बोललो ना?

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळीच पाळकसाहेबांचं दार वाजवलं. नजरेला नजर देईनात. "कमिटीत ठरलं. तुमच्या यांनीच विषय काढला. आज बहीण येणार, उद्या बहिणीचे दीर. सभासद केलं की मत देणार. मग चर्च कुणाचं राहील?"

बहीण! मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं.

घरी आले तर हे जेवत होते, पोटभर. जाब विचारला. "पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई —" म्हण पुरी करू दिली नाही, ताटच ओढलं पुढून. हात वर करताना लाज नाही वाटली? मला का नाही सांगितलंत? "तू रडली असतीस." रडले असते! मग?

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दुखत होतंच.

१६ सप्टेंबर, सोमवार

धाकटीला सांगून टाकलं — बहिणीची गोष्ट माझ्या तोंडून फुटली. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "ताई, तू नवऱ्याला सांगितला. नवऱ्याला नाही तर कुणाला?" चिडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर बरं वाटलं असतं.

२२ सप्टेंबर, रविवार

खोली रिकामी! फरशी लख्ख पुसलेली, चादरी धुऊन दोरीवर. कुठे गेले कुणालाच माहीत नाही. हे म्हणतात, "जाताना सांगायची रीत नाही या लोकांना. केलेल्याची जाणीवच नाही." रीत! यांच्या तोंडी!

मलाही नाही सांगितलं तिने. कशाला सांगेल? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे कळलंय तिला आता.

१ ऑक्टोबर, मंगळवार

हे बोलतात. मी वाढते. एवढंच.

१० ऑक्टोबर, गुरुवार

धाकटीचा फोन! राहायची परवानगी मिळाली! नदीपलीकडे वीस-पंचवीस माणसांची एक मंडळी आहे, तिथल्या पाळकबाई कचेरीत गेल्या आणि "आमची आहेत" म्हणाल्या. बहीणही पोचली. "ताई, रविवारी आमच्या चर्चला ये. दारात मीच उभी असते, नवीन माणसाला आत घेऊन बसवते."

जाणार आहे मी. यांना सांगितलेलं नाही.