खाली आईचा अंगठा

उल्हासनगर कॅम्प ४
ता. १८ नोव्हेंबर १९९०

चि. सुदाम यास,
दादाचा सप्रेम जय भीम. सरस्वतीला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझ्या मुलाखतीचा कोट आज पार्सल केला. तो केवढ्याला पडला ते तुला कळायला हवं, म्हणजे जपून घालशील. लालचंद साईंनी कापडाचा एक पैसा घेतला नाही, म्हणजेच तो फार महाग पडला. त्यांच्या दुकानात रंग बघण्यात माझी अख्खी सकाळ गेली, तेवढ्यात इकडे वर्कशॉपमध्ये कारागिराने दोन कपाटांना उलटी दारं बसवली. शिवाय लालचंदचा भाचा सोमवारपासून माझ्याकडे कामाला येतोय. हातोडी कुठल्या टोकाला धरतात, इथपासून त्याला शिकवायचं आहे. तुझं माप म्हणून शिंप्यापुढे मीच उभा राहिलो. तर रखमा म्हणाली, साहेब होणार भावजी आणि पोट मापलं जातंय तुमचं. तेव्हा कमरेत सैल झाला तर हसू नकोस.

गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय की माझा भाऊ देशातल्या सगळ्या सरकारी कागदांचा मुख्य होणार. पंतप्रधान येतात जातात, कागद तिथेच राहतात, म्हणून माझा भाऊ त्यांच्याहून पक्का. लालचंदने विचारलं, म्हणजे गोडाऊन सांभाळतो का? मी म्हटलं, गोडाऊनच, पण सरकारचं. त्यावर तो म्हणाला, मग साईं, स्टॉक विकतो कधी? पत्र्यावर बोट वाजवून तो किती गेजचा ते मी डोळे मिटून सांगतो, पण माझा भाऊ नेमकं काय करतो ते मला सांगता आलं नाही. सविस्तर लिही.

आईला थंडीचा खोकला आहे. बाकी तोंड चालू आहे. आल्यागेल्याला ती एकच सांगते, की माझ्या नवऱ्याने रुमालात बांधलेलं गावाचं दफ्तर डोक्यावर घेऊन तालुक्याला नेलं, पण त्या रुमालाच्या गाठीला हात लावायची त्याला परवानगी नव्हती, आता माझा पोरगा त्या गाठी सोडणार. गाव बारवी धरणाच्या पाण्यात गेलं तरी तिचा राग काही बुडला नाही. गोदूने सही शिकवायला पुन्हा पाटी आणली होती. आई म्हणाली, सही तुझ्यासारखी येईल, अंगठा माझ्यासारखा येतो. वर्कशॉपचा शिक्क्याचा पॅड नेऊन दिला. खाली नेहमीप्रमाणे उमटवलाय.

माया राहू दे, दिल्लीच्या गारठ्यात ती गोठवू नकोस.
तुझा,
धोंडिबा


नवी दिल्ली
ता. २९ नोव्हेंबर १९९०

ति. दादास,
सप्रेम जय भीम. आईला साष्टांग.

कोट पोचला. तुझ्या पोटाची जागा मी स्वेटरने भरून काढतो.

लालचंदना सांग की गोडाऊन हे खरं, फक्त इथला मुख्य अधिकारी माल विकत नाही, तो कुठला ठेवायचा आणि कुठला नष्ट करायचा ते ठरवतो. सरकारचा बहुतेक कागद नष्टच होतो. उरतो त्याला मूळ क्रमानेच ठेवायचं, आपल्याला सोयीचं म्हणून पुढचं मागे करायचं नाही. तीस वर्षं झाली की साधारणपणे तो लोकांना बघायला खुला होतो. आणि आलेला कागद खरा की मागाहून कुणी केलेला, ही शंका निघाली तर शेवटचा शब्द त्या मुख्याचा.

इंग्रजांनी जुन्या कागदांची ही कचेरी १८९१ साली कलकत्त्यात काढली. राजधानी दिल्लीला आली आणि कागद तिच्यामागून बऱ्याच वर्षांनी आले. त्या काळी मुख्याला कीपर म्हणत, म्हणजे राखणदार. स्वातंत्र्यानंतर तो संचालक झाला, आता महासंचालक म्हणतात. नाव मोठं होत गेलं, काम राखणीचंच राहिलं. आपल्या घराण्याला राखण नवी नाही, एवढंच मी मुलाखतीत सांगणार नाही.

मुलाखत २२ जानेवारीला आहे. माझ्याहून शिकलेले दोघेतिघे आहेत, तेव्हा गल्लीत ढोल बडवू नकोस. आईचा खोकला किती दिवसांचा आहे? तू ‘थंडीचा’ लिहिलंस की मला काळजी वाटते, कारण बाबांचाही तू थंडीचाच लिहिला होतास. तिची तब्येत जराही उतरली तर तार कर. मुलाखत पुढेही येईल.

तुझी बोलणी खाण्याची सवय आहे, ती मोडू देऊ नकोस.
सुदाम


उल्हासनगर कॅम्प ४
ता. ४ जानेवारी १९९१

चि. गोदू हिस,
दादाचा जय भीम. पाहुण्यांनाही सांग.

तुझं बेलवलीहून आलेलं पत्र वाचलं. मोठा भाऊ म्हणून रागावलो नाही, कारण आईच्या खोकल्याकडे मी उशिरा बघितलं असं लिहिलंस ते खरं आहे. आईला काल अंबरनाथच्या दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरने मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं. हळू सांगितलेलं मला जास्त स्पष्ट ऐकू येतं. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत. आता घरीच ठेवा, हवं ते खाऊ घाला, एवढंच.

सुदामला कळवायचं म्हणून मी तारेचा फॉर्म आणला होता. आईने तो मागून घेतला आणि उशीखाली ठेवला. म्हणाली, त्याला बोलावशील तर तो सगळं टाकून येईल, तुला माहीत आहे. मी त्याला बघितलाय, आता खुर्चीने बघू दे. मग रखमाला, मला आणि देव्हाऱ्यातल्या बाबासाहेबांच्या फोटोला साक्षी ठेवून तिने वचन घेतलं, की मुलाखत होईपर्यंत दिल्लीला एक अक्षर जायचं नाही. मी दिलं. तू असतीस तर भांडली असतीस, म्हणून तू यायच्या आत दिलं.

शेजारच्यांच्या फोनवर सुदामचा फोन आला तर लाइन खराब आहे सांगा, असं त्यांना सांगून ठेवलंय. रविवारी ये. तिला तुझ्या हातची नाचणीची भाकरी पाहिजे आहे. खाणार नाही, पण पाहिजे आहे.

राग आला तरी येणं चुकवू नकोस.
दादा


बेलवली, बदलापूर
ता. १३ जानेवारी १९९१

ति. दादास,
गोदूचा जय भीम.

घरी पोचले. काल आईचं जलदान झाल्यावर पंगत उठली आणि मी सगळ्यांची ताटं घासली, तेव्हाही रडू आलं नाही, गाडीतही नाही. आई बुधवारी गेली आणि आज रविवार आहे, हे मला कॅलेंडरवर बघून समजलं. घरी आले तर पोरांनी विचारलं, आजीने काय दिलं? मी पिशवीतून उरलेली बुंदी काढून दिली.

एक गोष्ट विचारते. स्मशानात, विहारात, पंगतीत, प्रत्येकाने विचारलं की सुदाम कुठे आहे, आणि तू प्रत्येकाला हसून सांगितलंस की त्याची मोठी परीक्षा आहे. तू हसत होतास, दादा. तुझ्या लक्षात तरी आलं का? तुझं वचन आईला होतं. आई आता नाही. मग ते कुणाला पाळतोस?

वहिनी म्हणाल्या, दिल्लीचं पत्र येऊन पडलंय आणि त्यात महिनाभर पत्र नाही, आईचा अंगठा का नाही आला म्हणून विचारलंय. त्याला काय उत्तर देणार आहेस?

मी भांडत नाही. भांडायला अंगात काही राहिलेलं नाही.
गोदू


उल्हासनगर कॅम्प ४
ता. १५ जानेवारी १९९१

चि. सुदाम यास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला कारण सरकारी शाळेच्या कपाटांची ऑर्डर होती. आई बरी आहे. खोकला आता अजिबात नाही. झोप शांत लागते. शनिवारी घरी पुष्कळ माणसं आली होती, गोदूही होती, बुंदी केली होती. सगळ्यांनी तुझी आठवण काढली.

तू तिकडचं बघ. उत्तरं देताना घाई करू नकोस, समोरचा थांबला तरी तू लगेच बोलू नकोस. गिऱ्हाईक गप्प झालं की ते भाव कबूल करतंय असं समजावं. फोन करू नकोस, शेजाऱ्यांची लाइन खराब आहे.

खाली आईचा अंगठा.

लोभ आहे तसा ठेव.
धोंडिबा


उल्हासनगर कॅम्प ४
ता. १५ जानेवारी १९९१

चि. गोदू हिस,
जय भीम.

सुदामला आजच लिहिलं. पत्रात खोटं एकच वाक्य आहे, आई बरी आहे हे. बाकीचं सगळं खरं लिहिलं, तूही वाचलंस तर तुला चूक सापडणार नाही.

अंगठ्यासाठी मी रखमापुढे पॅड धरला. तिने हात पदरात घेतला. म्हणाली, सासूबाईंची भाकरी मी थापली, न्हाऊ माखू मी घातलं, पण मेलेल्या माणसाचा अंगठा माझ्याकडून उठायचा नाही. मग मी माझाच उठवला. अंगठा म्हणजे अंगठा, काळी शाई सगळ्यांना सारखीच लागते. मुलाखत मंगळवारी आहे. बुधवारी मी स्वतः दिल्लीची गाडी धरतो आणि त्याला समोर बसून सांगतो.

तू विचारलंस वचन कुणाला पाळतोस. मला माहीत नाही. सकाळी वर्कशॉप उघडतो, संध्याकाळी बंद करतो. लालचंदचा भाचा आता बऱ्यापैकी ठोकतो.

पोरांना माझ्याकडून जवळ घे.
दादा


नवी दिल्ली
ता. २४ जानेवारी १९९१

ति. दादास,
सप्रेम जय भीम.

तू बुधवारी निघणार होतास असं गोदूच्या पत्रावरून समजलं. तिने मला सगळं लिहिलं, ते काल मिळालं. तू निघाला नाहीस ते आज शेजाऱ्यांना फोन केल्यावर समजलं. ताप आला म्हणे. ताप असू दे, ये म्हणून मी हे लिहीत नाही. मी शनिवारच्या गाडीने येतोय.

तुझं पंधरा तारखेचं पत्र मला एकोणीसला मिळालं. दादा, तुझा अंगठा आईच्या दीडपट आहे. आईच्या अंगठ्यावर विळ्याची आडवी रेघ आहे, तुझ्यावर पत्र्याने कापलेल्या चार बारीक रेघा आहेत. असे ठसे ओळखायचा मी पगार घेतो. मी पत्र उजेडात धरलं आणि पहिला विचार मनात आला तो असा, की हे बनावट आहे, आणि कच्चं आहे. मला बरं वाटलं, बिनचूक काम केल्यावर वाटतं तसं. दुसरा विचार यायला दुपार झाली. तोपर्यंत मी जेवलो होतो आणि एका कनिष्ठाची सुट्टी मंजूर केली होती.

मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. खोकला आता अजिबात नाही. झोप शांत लागते. घरी पुष्कळ माणसं आली. तू एवढं खरं लिहिलंस की काही विचारायला उरलंच नाही.

तू मला फसवलंस असं लिहायला बसलो होतो, पण ते खरं होणार नाही. मला तेव्हाच निघता आलं असतं. वीसला पोचलो असतो. जळालेली जागा तरी बघितली असती. पण तुझ्या पत्रात आई बरी होती, आणि ज्याला काही कळलेलं नाही त्याला निघायची गरज नसते. तुझ्या पत्राने माझी सोय केली. सरस्वतीलाही मी सांगितलं नाही. तीन दिवस मुलाखतीची उत्तरं पाठ केली, आणि रोज संध्याकाळी मुलांनी आजीचं विचारलं तर मी तुझंच वाक्य सांगितलं. तेव्हा तू एकटा नाहीस. गोदूने तुझ्या वचनाबद्दल जे विचारलं ते तुलाही लागू आहे आणि मलाही.

तुझी पत्रं माझ्याकडे सगळी आहेत. पंधरा तारखेचं मी त्याच क्रमात ठेवलंय. ते काढून टाकायचं म्हणून दोनदा हातात घेतलं. आमच्या कामाचा नियम असा आहे की खोटा कागदही नष्ट करायचा नाही, कारण त्या दिवशी कुणाला काय खरं वाटायला हवं होतं, ते त्यातून कळतं. त्यामुळे तो राहील.

आईचं अंथरूण हलवू नका असं लिहिणार होतो. पण वहिनींनी ते केव्हाच धुऊन वाळत टाकलं असेल, आणि तेच बरोबर आहे. मी आलो की मला कुणी आईबद्दल काही सांगत बसू नका. वर्कशॉपमध्ये एखादं काम द्या. मला पत्रा ठोकता येत नाही, पण धरता येतो.

तापात उठून स्टेशनावर येऊ नकोस.
तुझा,
सुदाम

ता. क. तू विचारशील, आणि लालचंदही विचारतील, म्हणून लिहितो. मंगळवारी मी वेळेआधी पोचलो. दारावर टाइप केलेला अर्धा कागद लावला होता. जागा यंदा भरायची नाही असं ठरलंय. मुलाखत झालीच नाही.