रविवारपर्यंतचा मेंढा

ती. आर्डिस वन्संना व्हर्नाचा नमस्कार. उभ्यानेच करते आहे, कारण आमच्या घरात सध्या बसून लिहायला टेबल रिकामं नाही. कपडे धुवायच्या मशीनवर कागद ठेवून लिहिते, तेव्हा अक्षर हललं तर मशीनला बोला. तुमचा गुडघा कसा आहे? मलम चोळताय, की कपाटात ठेवून नुसतं बघताय? मांजरी व्याली का? इकडे आम्ही दोघं जिवंत आहोत. तुमचा भाऊ जास्त, मी कमी. फोन का केला नाही म्हणाल, तर फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात डेल्मर आहे. (मोबाइल या खोऱ्यात लागत नाही. लागला असता तरी डेल्मरच्या तोलायच्या काट्याजवळ त्याला बंदी. त्याने म्हणे वजन थरथरतं.) म्हणून हे पत्र गॅसचा टँकर घेऊन फिरणाऱ्या मर्लच्या हाती देते. त्याला कॉफी द्या, पण आमच्याबद्दल काही विचारू नका. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

दुखणं कुठून सुरू झालं ते सांगते. रानमेंढ्याच्या परवान्यासाठी तुमचा भाऊ आमच्या लग्नाआधीपासून दर वर्षी अर्ज भरतो आणि दर वर्षी सोडतीत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव निघतं. यंदा त्याला काय सुचलं कोण जाणे, माझ्याही नावाचा एक अर्ज टाकला. आणि निघालं माझं. (मला मेंढा नको होता. मला नवी चूल हवी होती.) तो गोठ्यात गेला, तिथे बराच वेळ काहीतरी ठोकत बसला, आणि परत येऊन म्हणाला, "व्हर्ना, तुझी रायफल बघायला हवी." तेव्हाच मी ती रायफल विहिरीत टाकायला हवी होती. परवाना माझ्या नावाचा, म्हणजे गोळीही मीच झाडायची. त्याने रायफलीच्या चापाला हात लावला तर रेंजरसाहेब मेंढ्यासकट आमची गाडीही नेतील. एकदा का हा परवाना वापरला किंवा वाया घालवला, की या जन्मात दुसरा निघत नाही असंच धरून चालायचं. आणि मुदत संपते या रविवारी, सूर्य मावळला की.

आता एखाद्या सरळ माणसाने काय केलं असतं? दुकानातून काडतुसांचा एक डबा आणला असता आणि सप्टेंबरातच बायकोला डोंगरावर पाठवलं असतं. पण तुमच्या घराण्यात सरळ माणूस जन्मलाच नाही (तुम्ही सोडून, तुम्हीही थोड्याशाच). दुकानातलं काडतूस म्हणजे त्याला परक्याच्या तोंडातला घास वाटतो. प्रत्येक काडतूस घरी, हाताने, एकसारखं झालं पाहिजे. त्यासाठी आधी उडवलेल्या पितळी पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात घालून घुसळायच्या. मग त्यांच्या माना तापवायच्या, उंची कापून सारखी करायची, आणि एकेक तोलून जड, हलक्या आणि मधल्या अशा वेगळ्या काढायच्या. त्या वेगळ्या काढायला माझी मफिन भाजायची वाट्यावाट्यांची तबकडी घेतली. बंदुकीच्या दारूचा दाणा उचलायला माझा भुवयांचा चिमटा घेतला. (भुवयांचं काय झालंय ते याल तेव्हा बघाल.) दारू तोलताना हीटर बंद, कारण त्याच्या वाऱ्याने काटा हलतो. बाहेर बर्फ, आत मी कोट घालून बटाटे सोलते आहे. चालायचं नाही, कारण जमीन हलते. शिंकायचं नाही. एकदा मी ओव्हन उघडलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी चर्चमध्ये पाद्र्याच्या तोंडावर दार आपटलं.

बरं, एवढं करून गोळ्या लागत नव्हत्या का? लागत होत्या. गोठ्यामागच्या कुरणात टेबलावर रायफल टेकवून मी पाच झाडायची. चार एकाच भोकातून जायच्या आणि पाचवी जरा बाजूला बसायची, माझ्या करंगळीच्या नखाएवढी बाजूला. मी म्हणायची, अरे मेंढा काय नखाएवढा असतो का? पण तो त्या पाचवीचं सुतक पाळायचा. जेवायचा नाही, नुसता कागद उजेडाकडे धरून बघायचा. एकदा मला म्हणाला की पाचव्या वेळी तू श्वास घेतलास. मी म्हटलं, हो, घेतला, जगायला लागतो. मग सगळं पहिल्यापासून. ऑक्टोबर असा गेला. शेजारच्या हालव्हर्सनांनी हरणं मारून, कापून, फ्रीजरही भरले आणि आमच्या फ्रीजरात वाटाणे.

शेवटी त्याला शोध लागला. गोळी पुंगळीत जरा कमी खोल बसवायची, इतकी लांब ठेवायची की काडतूस भरल्यावर तिचं नाक नळीच्या आतल्या पिळाच्या कडांना, म्हणजे आट्यांना, जाऊन टेकलं पाहिजे. तसं केलं आणि खरंच पाचही एका भोकात. त्या दिवशी तो मला घेऊन गावात सफरचंदाचा गोड पाय खायला गेला. (पायबरोबर आइस्क्रीमही घेतलं, न मागता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.) काडतुसं एवढी लांब झाली, की रायफलीच्या पोटातल्या काडतुसांच्या खणात मावेनात. त्यावर त्याचं म्हणणं, पोटात भरायचीच कशाला, एकेक हाताने नळीत घाल. मेंढा एकच तर मारायचाय.

तर परवा सोमवारी, एकदाचे, आम्ही डोंगरावर गेलो. मर्लचा घोडा मागून घेतला, खिंडीपर्यंत त्याच्यावर आणि पुढे पायी. माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला काय सांगू, तुम्हाला स्वतःचेच पुरे. पण वन्सं, मेंढा दिसला. असा मेंढा, की शिंगं पूर्ण वेटोळं घालून परत गालाशी आलेली. मी पालथी पडले, काडतूस नळीत घातलं, बोल्ट लावला. डेल्मर शेजारी दुर्बीण धरून. मला वाटलं त्याच्या काळजाचे ठोके ऐकूनच मेंढा पळेल. तो पळाला नाही. सावकाश एका सुळक्याआड गेला. आता त्याच्यामागे दगडांच्या घसरडीतून रांगत जायला हवं होतं. आमच्या बाबांनी मला चालायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं होतं, की नळीत काडतूस ठेवून पाऊल टाकायचं नाही. काडतूस बाहेर काढायला मी बोल्ट मागे ओढला.

हातात आली नुसती पुंगळी. गोळी नळीतच राहिली, आट्यांत नाक रुतवून, रेड्यासारखी. आणि त्या दाण्यादाण्याने तोललेल्या दारूचा काळा भुगा रायफलीच्या पोटात, माझ्या हातमोज्यांवर, सगळीकडे.

तुमच्या भावाने ती पुंगळी माझ्या हातातून घेतली. मग अगदी हळू म्हणाला, "बाहेर का काढलंस?"

"मग काय, भरलेली बंदूक घेऊन दगडांतून रांगू?"

"भरल्यावर कुणी काढत नाही. टेबलाशी बसलं की भरायचं आणि झाडायचं."

"डेल्मर," मी म्हटलं, "हे टेबल आहे का?"

अडकलेली गोळी ढकलायला लांब सळई लागते. ती घरी, माझ्या स्वयंपाकघरात, मफिनच्या तबकडीशेजारी. तेवढ्यात मेंढा सुळक्याआडून परत आला. एवढा जवळ आला, की मी चपलेने मारला असता. उभा राहून आम्हाला बघितलं, जसं गावातली माणसं चिखलात रुतलेल्या ट्रककडे बघतात, आणि मग गेला. डेल्मर डोंगर उतरेपर्यंत एकच वाक्य बोलला: "वजन बरोबर होतं." मी घोड्याशी बोलत आले.

तुम्हाला वाटेल आता तरी शहाणा झाला असेल. मंगळवारी त्याने गोळ्या खोल बसवून नवी काडतुसं केली, रायफलीच्या पोटात मावतील आणि नळीतून सुखाने बाहेर येतील अशी. कुरणात झाडून बघितली. पाचांचा पसारा बाटलीच्या बुचाएवढा आला. झालं! नापास. उरलेली सगळी रद्दीच्या डब्यात टाकली आणि आज सकाळपासून पुन्हा पुंगळ्यांच्या माना तापवायला बसलाय. मी म्हटलं, रविवार. तो म्हणाला, होईल. उद्या थँक्सगिव्हिंगचा सण आहे आणि माझी टर्की अजून गॅरेजात, कारण ओव्हन उघडायची परवानगी नाही. मी थकले, वन्सं. तुमचा भाऊ वाईट नाही. दारू पीत नाही, तोलतो. पण मी थकले.

गुडघ्याला जपा. मांजरीच्या पिलांतलं एक मला नको, आधीच सांगते.

थंडीने गारठलेली,
व्हर्ना

ता. क. : एवढ्यासाठीच पत्र लिहिलं असं नाही, पण एक काम होतं. तुमच्या यजमानांच्या वेळच्या रिकाम्या पुंगळ्यांची बादली गॅरेजात पडलीये ना? शुक्रवारी सकाळी डेल्मरला फोन करा आणि सांगा, की त्यातल्या जड-हलक्या कुणी ओळखून दिल्या तर बरं होईल, नाहीतर भंगारात घालते. तो काटा घेऊन धावत येईल. रविवारी अंधार पडेपर्यंत त्याला उठू देऊ नका. निवडून झाल्याच तर पुन्हा एकत्र ओता आणि मांजरीने सांडल्या म्हणा. जेवायला मात्र घाला, आपण होऊन मागत नाही तो.

ता. क. दुसरं : मी शुक्रवारीच मर्लचा घोडा घेऊन वर जाते. दुकानातल्या काडतुसांचा डबा आणलाय. डेल्मर गावात गेला असताना झाडून बघितली, पसारा बशीएवढा. मेंढ्याला बशी पुरते.

ता. क. शेवटचं : रायफलीत घालणार आहे ती मात्र रद्दीच्या डब्यातली, त्याची. बशी ती बशी आणि बूच ते बूच, मला काय कळत नाही होय. त्याला यातलं काही सांगू नका. मेंढा पडला तर तुझ्या काडतुसाने पडला म्हणून मीच सांगेन. चुकला, तर दुकानातलं होतं.