काकूंची पितळी पेटी

३ नोव्हेंबर, सोमवार

काकू आल्या होत्या! मास्तरांच्या पत्नी. स्वतःहून, माझ्या कामाच्या खोलीच्या दारात.

हातातली कानस हातातच राहिली. मास्तरांकडे मी सव्वीस वर्षं पितळ ठोकलं, आणि ते जाऊन आता सहा वर्षं झाली. एवढ्या बत्तीस वर्षांत काकू माझ्याशी धड बत्तीस वाक्यं बोलल्या नसतील. मास्तरांच्या वर्कशॉपच्या पायरीवर त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. मास्तरांना शेवटचं बघायला मी गेले तेव्हाही काकू माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मी मनाशी समजून होते – नवऱ्याच्या कामावर परकी बाई, कुणाला रुचेल?

आज मात्र सरळ आत आल्या, स्टुलावर बसल्या. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी.

"एक पेटी करून दे. दागिन्यांची. त्यांनी मला केली होती, तशीच."

"ती बघायला मिळाली तर बरं होईल, काकू."

"गेली. घर बदलताना गेली."

चादर उलगडली. पितळेचा पत्रा! काळवंडलेला, पण जाडीला एकसारखा. "त्या पेटीतला उरलेला आहे. ह्यातूनच कर."

झाकणावर काय होतं विचारलं. "मोर," म्हणाल्या. चहा न घेता गेल्या.

मास्तरांनी पेटी केली होती आणि सव्वीस वर्षांत मला एका शब्दाने बोलले नाहीत!

४ नोव्हेंबर, मंगळवार

ह्यांना सांगितलं. पोस्टातून रिटायर झाल्यापासून ह्यांचं प्रत्येक गोष्टीत मत असतं. म्हणाले, "त्यात काय? पितळेतला एवढा माणूस, बायकोला पेटी करणारच. मी पोस्टात होतो, तुला तिकिटं दिली."

तीही दिलेली आठवत नाहीत!

दिवसभर मास्तरांचं वर्कशॉप डोळ्यांसमोर. आता तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, पण मला त्या बोळातून जाताना अजून पत्रा बसवायच्या राळेचा वास येतो. लांबुळकी खोली, अंगणाकडे एकच खिडकी. भिंतीवरच्या फळीत नक्षी ठोकायचे लोखंडी ठसे लावलेले, बोटाएवढ्यापासून सुईएवढ्यापर्यंत. बटण तुटलेला रेडिओ – स्टेशन बदलायला पक्कड लागायची. पहिला आठवडा मास्तरांनी मला एकच पत्रा सपाट करायला लावला. सपाट झाला की पायाने वाकवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." तिसऱ्या दिवशी मी चिडून जोरात ठोकला तर भोकच पडलं. तेव्हापासून मी "घाईबाई". शेवटपर्यंत. दवाखान्यातसुद्धा नर्सला म्हणाले, "ही आमची घाईबाई."

८ नोव्हेंबर, शनिवार

मोराचं चित्र घेऊन काकूंकडे गेले. त्या घरात मी ह्याआधी दोनदाच गेले असेन.

चित्र लांब धरून बघितलं. "मोर? नाही गं. वेल होती."

"तुम्हीच मोर म्हणाला होतात."

"वेल. चारी बाजूंनी चढत जाणारी."

"आणि खाली पाय होते का पेटीला?"

"होते." मग चित्र परत देत, "नव्हते बहुतेक."

वाद घातला नाही. पंचाहत्तरी जवळ आली त्यांची. मी तरी कालचा चष्मा कुठे ठेवला ते सांगू शकते का?

११ नोव्हेंबर, मंगळवार

वेल काढली. मास्तरांची वेल मी डोळे मिटूनही काढीन. पानाला पाच ठोके, देठाला दोन.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काकूंचा फोन. होडी होती म्हणे! "पाण्यात होडी, आणि तिच्यात दोघं पाठमोरी." एवढं स्पष्ट सांगितलं की मला फोनवर ती होडी दिसली.

ह्यांना चेष्टाच सुचते. "मोर झाला, वेल झाली, होडी झाली. पुढच्या खेपेला हत्ती येतो बघ."

मी हसले, पण मनातून चरकले. काकूंचं विसरणं वाढलंय का? एकट्या राहतात. मूलबाळ नाही, भाची आहे ती दोन तासांवर. मोर, वेल, होडी – हे सगळं कुठल्या तरी वेगवेगळ्या पेट्यांचं एकत्र झालं असेल. आमच्या हातून गेल्या की शेकडो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज कळलं.

पत्रा चिंचेच्या पाण्याने धुतला, पुसला, मापं टाकायला घेतली. कड सरळ आहे का बघावं म्हणून पट्टी लावली. सरळ. दुसरी कड – सरळ. तिसरी, चौथी – चारही सरळ! एका कोपऱ्यात कारखान्याचा शिक्का, पूर्ण.

उरलेला पत्रा असा नसतो. कातर चालली की कडेला बारीक बाक येतो, हाताला टोचतो. कितीही चांगला हात असो. मास्तर तर नेहमी शिक्क्याच्या कोपऱ्यापासून कापायला सुरुवात करायचे – "आधी कारखान्याचं नाव काढून टाका, मग आपलं काम." हा पत्रा अखंड आहे. ह्यातून कधी काहीच कापलेलं नाही.

मागची बाजू उजेडात धरली. मधोमध सुईने ओढलेली एक रेघ. दोन इंचांची. पुढे काही नाही.

मास्तरांची रेघ आहे. शेवटी किंचित उचललेली असते, तशी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळीच गेले. पत्रा टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "काकू, हा उरलेला नाही. हा कापलेलाच नाही."

कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुला कळेल असं वाटलंच होतं. उगीच नाही सव्वीस वर्षं ठेवून घेतलं त्यांनी."

"मग ती पेटी?"

"केलीच नाही. लग्नाला दोन महिने झाले होते, तेव्हा पत्रा घेऊन आले. रविवारी करतो म्हणाले. मग दर थोड्या दिवसांनी जेवताना नवीन काहीतरी – आता मोर काढणार, आता वेल चढवणार, आता होडी. इतकं रंगवून सांगायचे, मला दिसायची गं ती पेटी! ताटातलं गार होऊन जायचं."

आणि हसल्या. काकूंना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. खालचा एक दात नाही, तो हाताने झाकतात.

"तुम्ही कधी मागे नाही लागलात?"

"लोकांच्या पेट्या करून यायचे, बोटं सुजलेली असायची. त्या बोटांना काय म्हणणार, आता माझी करा?"

"मग मला तरी खरं सांगायचं."

ह्यावर माझ्याकडे सरळ बघितलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा, डोळ्यांत डोळे घालून. "लाज वाटली. एवढ्या कारागिराची बायको आणि कानातलं ठेवते पावडरच्या डब्यात. आणि तुला तर मुळीच सांगायचं नव्हतं. त्यांचे सगळे दिवस तुझ्याकडे होते. माझ्या वाट्याला जेवणं."

खरंच होतं ते. वर्षाचे तीनशे दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. मी कधी ह्या बाजूने मोजलंच नव्हतं.

निघताना विचारलं, "मग कुठली करू? मोर, वेल की होडी?"

"ती त्यांची होती. त्यांच्याबरोबर गेली. तू तुझ्या मनाची कर."

२४ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या मनाची! माझ्या मनात काय आहे?

सहा दिवस कागद कोरा. मास्तर एकदा म्हणाले होते, "घाईबाई, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. पण कोरा कागद दिला की तुला घाम फुटतो." तेव्हा राग आला होता. ते गेल्यावरही मी काय केलं? त्यांच्या ट्रेसिंगचा गठ्ठा काढायचा, वरून गिरवायचं, ठोकायचं. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. सहा वर्षं!

आज तो गठ्ठा ह्यांच्या हातात दिला, म्हटलं, "माळ्यावर टाका. मी मागितला तरी देऊ नका."

"मागितलास तर सही घेईन," म्हणाले. पोस्टाची सवय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सुचलं!

दुपारी डबा उघडून बसले होते. ठोकणं थांबलं की खोलीत एक शांतता पडते, कान बधिर झाल्यासारखी. त्या शांततेत एकदम आठवलं – वर्कशॉपमधल्या चिमण्या! एक वाजता सगळे हातोडे थांबायचे, मिनिटभरात खिडकीतून चिमण्या आत. ऐरणीवर, ठशांच्या फळीवर, रेडिओवर. मास्तर पोळीचा चुरा ठेवायचे. एक लंगडा चिमणा होता, त्याला "साहेब" म्हणायचे. साहेब ऐरणीवर असले की दोन वाजून गेले तरी कुणी हातोडी उचलायची नाही.

हे काकूंनी कधी बघितलं नसणार.

कागदावर चिमण्या काढत गेले. सात झाल्या. मधोमध एकही नाही – सगळ्या कडांनी, इकडेतिकडे, कुणी पाठमोरी, कुणी मान वाकडी केलेली. बाकी झाकण रिकामं, नुसते बारीक ठोके. घाम फुटला नाही. जेवण तसंच राहिलं.

२ डिसेंबर, मंगळवार

चिरली! पाचवी चिमणी. पंखापासून मानेपर्यंत.

सगळा दोष माझा. दोन दिवस हात छान चालला होता. राळेवर पत्रा बसवून मागून फुगवत होते, पुढून रेघा पक्क्या करत होते. पितळ ठोकून ठोकून कडक होतं, मधेमधे तापवून मऊ करावं लागतं. मास्तर म्हणायचे, "पितळ लाजून लाल झालं की थांब. आणखी तापवलंस तर रुसेल, कमी तापवलंस तर फाटेल." मला ठाऊक होतं की तापवायला हवं. म्हटलं, एवढा पंख झाला की तापवते. एवढा एकच!

छप्पन्न वर्षांची झाले तरी घाईबाई ती घाईबाईच. दुसरा पत्रा आणता येईल, बाजारात रग्गड आहे. पण तो "हा" नव्हे.

बाहेर पायरीवर जाऊन बसले. हे आले, शेजारी बसले. जोक केला नाही. त्यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते कळलं.

३ डिसेंबर, बुधवार

चिरलेली चिमणी मागून झाळून सांधली. धरली! पंखावर फिकट रेघ राहिली आहे. घासून घालवायला गेले तर पितळ पातळ होईल. राहू दे.

६ डिसेंबर, शनिवार

बिजागरी तिसऱ्यांदा काढून बसवली. आता झाकण एका बोटाने उघडतं आणि आवाज न करता मिटतं.

१० डिसेंबर, बुधवार

पेटी दिली.

सात इंच लांब, पाच रुंद, खाली चार छोटे पाय, आत जांभळी मखमल आणि एक उचलता येणारा खण. काकूंनी टेबल आधीच रिकामं करून ठेवलं होतं. पावडरचा डबा शेजारी.

लगेच उघडली नाही. झाकणावरून बोट फिरवत एकेका चिमणीपाशी थांबल्या. "ह्या कुठल्या?" मग मी सांगत गेले. एक वाजता हातोडे कसे थांबायचे, चुरा कुठे ठेवायचे, रेडिओवर बसणारी जोडी.

"आणि हा?"

"हा साहेब."

साहेबांची गोष्ट ऐकून खूप हसल्या. दात झाकायला विसरल्या. मग हसणं कधी थांबलं आणि डोळे कधी भरले, मला कळलं नाही.

"मला सगळं सांगायचे," म्हणाल्या. "जे कधी झालं नाही ते सगळं. हे रोज होत होतं, ते नाही सांगितलं."

मास्तरांच्या बाजूने काही बोलावंसं वाटलं, पण ते काम माझं नव्हे.

पंखावरच्या रेघेवर बोट थांबलं. "इथे काय झालं?"

"चिरली होती. घाई केली मी."

"बरी झाली ना पण?"

"झाली."

मग चहा झाला. वर्कशॉपमध्ये खिडकी कुठल्या बाजूला होती, मी कुठे बसायचे, ते कुठे बसायचे, ठोकताना बोलायचे की गप्प असायचे – विचारतच होत्या. मी नकाशा काढून दाखवला. तो कागदही ठेवून घेतला.

घरी येताना बोळाकडून आले. मोबाइलवाल्याने विचारलं, "काय हवंय, मावशी?" म्हटलं, काही नाही, खिडकी बघतेय.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी साडेनऊला काकू दारात. वाटलं, झाकण अडकतंय की काय! तर म्हणाल्या, पेटी काल भाचीला देऊन टाकली. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाल्या, "मला ठेवायची नव्हती गं. झालेली बघायची होती, बघितली." मग चपला काढून आत आल्या, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, पदर कमरेला खोचला आणि दुसरं स्टूल स्वतःच ऐरणीपाशी ओढलं.

"आता सांग, हातोडी कुठे धरायची? मधे की टोकाला?"