झेब्र्याच्या मागच्या पायांकडून मावशीला

हॉलिवूड, रविवार

तीर्थरूप कॉर्डेलिया मावशीला, अल्विनचा टोपी काढून आणि (खोटं नाही) बूट पुसून नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा अजून दुखतो का? छातीत धडधड व्हायची ती होते का अधूनमधून? मी मुद्दाम विचारतोय. मागच्या पत्रात तू अगदी ठणठणीत असल्याचं लिहिलंस, आणि ते वाचून मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. (का, ते शेवटी येईल.) कॅन्ससला पीक बरं असेल. कोंबड्यांना माझी आठवण सांग. लाल तुऱ्याचीला सांगितलं नाहीस तरी चालेल, ती टोचते.

तू मला स्टेशनवर सगळ्या गावासमोर बजावलंस, की लोहाराकडून पळालास, दुधाच्या गाडीवरून पळालास, आता हेही अर्धवट टाकून आलास तर माझ्या दाराची कडी वाजवू नकोस. मी पळालेलो नाही. पण मावशी, लोहाराकडे सिंह नव्हता.

मी नट झालो असं कळवलं होतं ते खरं आहे. कसला नट ते लिहायचं राहिलं. मी झेब्र्याचा मागचा अर्धा भाग आहे. पुढचा अर्धा बार्नी मॅकग्लिंची नावाचा जाडा विदूषक आहे. तो पूर्वी रंगमंचावर पडून दाखवायचा, आणि तो सकाळी कच्चा कांदा खातो. (मी त्याच्या पट्ट्याला धरून वाकून उभा असतो, तेव्हा कांद्याचं मला सगळं कळतं.) सिनेमा बोलता आहे, गाता आहे, नाचता आहे. नखं रंगवणारी एक मुलगी विमानातून जंगलात पडते आणि तिथली राणी होते, अशी गोष्ट. का पडते ते कुणाला माहीत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. शेवटी तिचं लग्न लागतं, ते लावणारा पाद्री म्हणजे आम्ही. लग्न लावता लावता आम्ही चारी खुरं वाजवत नाचतो. खरा झेब्रा आणला होता, पण त्याने नवऱ्याला लाथ मारली. सिंह मात्र खराच पाहिजे म्हणे, नाहीतर जंगल वाटत नाही.

सिंहाचं नाव जज. त्याला सांभाळणारी मिसेस पेटिंगिल तुझ्याच वयाची आहे आणि पाईप ओढते. मुक्या सिनेमांत तिने त्याला म्हातारा केला. तेव्हा बरं होतं, कॅमेरा फिरत असताना ती बाजूला उभी राहून नवऱ्याशी बोलावं तशी सारखी बोलायची. “डावीकडे बघ राजा, पोट आत घे, जांभई नंतर दे, त्या बाईच्या टोपीला हात लावू नकोस, आपली नाही ती.” आणि जज ऐकायचा. आता बोलता सिनेमा आला, म्हणून सगळ्यांनी गप्प बसायचं. लाल दिवा लागला की दारांना बाहेरून कुलूप. मग शिंक आली तरी गिळायची. वर काचेच्या खोलीत आवाजवाले मिस्टर ट्विचेल बसतात, कानाला डबे लावून. डायरेक्टरसुद्धा त्यांना भितो. परवा त्यांनी एका पोरीला तिचं पोट गुरगुरतं म्हणून घरी पाठवलं.

तर ह्या ट्विचेलसाहेबांना आमचं कातडं ऐकू आलं. चाललं की करकरतं म्हणे, राणीच्या गाण्यात कुणीतरी टोस्ट खातंय असं वाटतं. कपडेवाल्यांनी उपाय काढला आणि आख्खा झेब्रा बैलाच्या चरबीने चोळून मऊ केला. करकर गेली. सगळे खूश झाले. मावशी, एवढी शिकलेली माणसं तिथे, पण सिंहासमोर न्यायच्या वस्तूला बैलाची चरबी चोळू नये हे एकालाही सुचलं नाही. मिसेस पेटिंगिलच्या नाकात पाईपचा धूर, तिला वास आला नाही. मला आला, पण मला वाटलं बार्नीच आहे.

बुधवारी लाल दिवा लागला. राणी गायला लागली, आम्ही नाचायला लागलो. खडकावर पडलेल्या जजला बहुतेक म्हातारीचा आवाज ऐकू येईना, म्हणून तो शोधायला उठला. मला आतून काही दिसत नाही, शेपटीखाली एक उसवलेलं भोक आहे तेवढंच. त्या भोकात आधी उजेड होता. मग पिवळं काहीतरी आलं. मग ते भोक श्वास घ्यायला लागलं. बार्नीची पुढची खुरं थांबली. आणि जजने आम्हाला चाटायला सुरुवात केली, मावशी, मागून, सावकाश, सुताराच्या कानशीसारख्या जिभेने. ओरडावं तर नोकरी जाते, न ओरडावं तर मी जातो. राणी बिचारी मोठी धीराची, गातच राहिली. माझे पाय असे लटपटत होते की ट्विचेलसाहेबांनी नंतर विचारलं, इतका सुंदर ताल कुणी धरला होता? शेवटी मिसेस पेटिंगिलला राहवेना. “जज! मेल्या, ते जेवण नाही, ते लग्न आहे!” तो मुकाट्याने खडकावर गेला. मी रडलो, पण हळू.

ह्याच्यावरून सगळे तिच्यावरच चिडले. गाणं नासलं म्हणे. आता तोच प्रसंग शुक्रवारी परत घ्यायचाय, आणि म्हातारीला कुलपाबाहेर ठेवायचं ठरलंय. झेब्र्याला चरबी मात्र पुन्हा लावायची, कारण करकर गेली आहे ना. त्यात चरबी चाटून जजचं पोट बिघडलं, म्हणून डॉक्टरने त्याला शुक्रवारपर्यंत उपाशी ठेवायला सांगितलंय. हे वाक्य तू परत एकदा वाच. मी मनात रोज वाचतो.

बाकी सर्व क्षेम. हवा छान आहे. अजून पायांसकट अख्खा असलेला,

तुझा अल्विन

ता. क. इथे घरात कुणी अत्यवस्थ असल्याशिवाय सुट्टी नाही. तेव्हा तू गुरुवारपर्यंत फार आजारी पड आणि तशी तार कर. पळून आलो तर कडी वाजवायची नाही, पण तूच बोलावलंस तर चालेल ना? मरायला लागलीस असं लिही, अर्धवट लिहू नकोस.

आणखी ता. क. पाकीट पुन्हा उघडलं. बार्नीला आत्ताच तार आली, त्याची आई वारली. (ह्या वर्षात दुसऱ्यांदा.) तो गेला, आणि मला पुढचा अर्धा केलाय! पुढच्याला तोंड उघडून “तथास्तु” म्हणायचंय, सिनेमा तिकडे लागला की गावातल्या सगळ्यांना ऐकू येईल. मागे कोण, विचारशील. मिसेस पेटिंगिल स्वतः. आज दुपारी येऊन म्हणाली, “मला दाराबाहेर ठेवतात काय? मी झेब्र्यातूनच आत जाते. तू पुढचं बघ रे पोरा, मागे तो आला तर माझा वास ओळखेल.” व्हरांड्यात मी तिला पाय शिकवतोय, माझ्यापेक्षा हलके पडतात. मध्ये एक शब्द बोलणार नाही असं वचनही दिलंय, मात्र ते देतानाच ती सलग बोलत होती. शिवाय पुढून सिंह येताना दिसतो, हे मी आधी धरलं नव्हतं.

तरी आता तू मरू नकोस. तार लिहून तयार ठेव, पण पाठवू नकोस. आणि कुणी विचारलं तर एकदम ठणठणीत आहे असंही सांगू नकोस, थोडी खोकत राहा. सिनेमातली बरीच गाणी अजून बाकी आहेत.